पोतं गुंडाळायची सवय

फाइल पहिल्यांदा तुटली तेव्हा मी एका डिझेल पंपाचा सौदा करत होतो. तो सौदा मनासारखा जमला, एवढं पक्कं आठवतं. फाइलचं नंतर कळलं. धाकटी बहीण मागच्या भागातून पदराला हात पुसत पुढे आली आणि म्हणाली, "दादा, कॉम्प्युटर म्हणते फाइल ओळखू येत नाई."

"कोणाले ओळखू येत नाई?"

"त्यालेच. सकाळी त ओळखत होता."

"मग तुह्यावाला चष्मा लावून दे त्याले," मी म्हणालो. गिऱ्हाईक हसलं. सौदा जमला होता म्हणून मीही हसलो.

ती वेळ धरून वर्षभरात फाइल एकूण नऊ वेळा तुटली. दहाव्यांदा तुटली तेव्हा कीबोर्डवर माझे हात होते.

आमचं दुकान नालवाडीला, रस्त्याला लागून आहे. पुढे काउंटर आणि मागे टिनाचं लांब गोडाऊन. बंद पडलेले जुने ट्रॅक्टर मी विकत घेतो, ते खोलतो आणि त्यांचे सुटे भाग विकतो. जी मॉडेलं बनायची थांबून पंधरा-वीस वर्षं झाली, त्यांचा गिअरसुद्धा माझ्याकडे मिळतो. म्हणून लांबलांबचे मेकॅनिक येतात. गोडाऊनच्या मागच्या भिंतीला मी खिडकी ठेवली नाही. खिडकी म्हणजे चोराची सोय, असं बांधताना वाटलं होतं. त्यामुळे मागे भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागते.

हे कोणाच्या आधाराने उभं राहिलेलं नाही. पुलगावच्या बाजारात मी जमिनीवर पोतं अंथरून बसायचो. पोत्यावर नट-बोल्ट, जुनी बेअरिंगं, एखादी चेन. तिथे मी एकच विद्या शिकलो. गिऱ्हाईक भावावर अडलं की वाद घालायचा नाही. पोत्याची दोन टोकं धरायची आणि माल आत घेत गुंडाळायला सुरुवात करायची. "जा भाऊ, नाई द्याचं मले." दुसऱ्या घडीपर्यंत समोरच्याचा हात खिशात गेलेला असायचा. तिसरी घडी मला क्वचितच घालावी लागली.

दुकान झालं, काउंटर आला, आणि गुंडाळायला पोतं उरलं नाही. मग मी मेन स्विच पाडायला लागलो. बोर्ड काउंटरच्या मागे, हात पोचेल असा आहे. सौदा अडला की उठायचं, खटका खाली ओढायचा आणि शटरच्या आकड्याला हात घालायचा. "चाला, दुकान बंद." छताचा पंखा फिरत फिरत थांबायला जो वेळ लागतो, तेवढ्यात माणूस तोंड उघडतो. पंखा पूर्ण थांबला आणि समोरचा बोलला नाही, असं माझ्या आठवणीत फार वेळा झालेलं नाही. दुकानातले दोन्ही कॉम्प्युटर बॅटरीवर होते, ते चालूच राहायचे. म्हणून त्यांची काळजी करायचं कधी मनात आलं नाही.

बहीण बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे परत आली. नवऱ्याने दुसरं घर केलं होतं. घरी बसून काय करू म्हणाली, म्हणून दुकानात आणली. पहिले सहा महिने ती डिझेलच्या बादलीत पार्ट धुवायची. धुताधुता तिला सगळं पाठ झालं. कोणता पिनियन कोणत्या ट्रॅक्टरचा, कोणत्या मांडणीत, कितव्या फळीवर, हे ती डोळे मिटून सांगायची. मेकॅनिक आल्या आल्या विचारायचे, "ताई कुठी हाये?" एकदा ती तापाने आठ दिवस घरी होती, तर दुकान उघडं असून बंद असल्यासारखं होतं. तेव्हाच मी ठरवलं की एका माणसाच्या डोक्यावर धंदा ठेवायचा नाही. कॉम्प्युटर आणले.

ते बसवले वर्ध्याच्या एका सरांनी. ते पूर्वी एका कॉलेजच्या लॅबमध्ये होते, म्हणून सगळे त्यांना सरच म्हणतात. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. फाइल एकच, ती पुढच्या कॉम्प्युटरमध्ये. मागच्या कॉम्प्युटरवर बहीण जे लिहील, ते वायरीतून येऊन त्याच फाइलमध्ये बसणार. दोन्ही वायरी माळ्यावरच्या एका हिरवे दिवे लुकलुकणाऱ्या डबीत जोडलेल्या. बहिणीने पाच महिन्यांत अख्खं गोडाऊन त्या फाइलमध्ये भरलं. प्रत्येक पार्टचा नंबर, तो कोणत्या ट्रॅक्टरमधून निघाला ते, आणि त्याची जागा. त्यानंतर फाइल हेच गोडाऊन झालं. फाइल नसली तर मागे नुसतं लोखंड होतं.

तुटलेली फाइल दुरुस्त करायचं एक बटण सरांनी दिलं होतं. ते दाबलं की बहुतेक सगळं परत यायचं, पण काही ओळी गायब आणि काही ओळींमध्ये अगम्य अक्षरं. पहिल्यांदा ती अक्षरं बघून बहीण म्हणाली होती, "चीनवाल्याईनं नेला वाट्टे आपला गिअरबॉक्स." मग टॉर्च घेऊन ती गोडाऊनमध्ये फिरली आणि गेलेल्या ओळी तिने पुन्हा लिहिल्या. दर वेळी तेच केलं. शेवटी शेवटी तिचे विनोद बंद झाले.

सरांनी त्यांच्या परीने सगळं करून बघितलं. आधी म्हणाले, व्हायरस असेल. तो काढला. मग फाइल ज्या डिस्कवर होती ती डिस्कच बदलली. मग बॅटऱ्या नव्या टाकल्या. एकदा माळ्यावर उंदराने वायर कुरतडलेली सापडली, तेव्हा मला वाटलं सुटलो. सगळी वायर नव्याने पाइपातून नेली. तीन आठवडे बरे गेले आणि फाइल पुन्हा तुटली.

"भाऊ," सर म्हणाले, "ही रोज तुटली असती तर मी एका दिवसात पकडली असती. कधी दोन दिवसांत तुटते, कधी महिनाभर काही नाही. तुम्ही एक करा, लिहून ठेवा. कधी तुटली आणि त्या वेळी दुकानात कोण काय करत होतं."

मी लिहून ठेवलं. काउंटरमागच्या कॅलेंडरवर, ज्या दिवशी फाइल तुटली त्या तारखेवर फुली आणि शेजारी कोण काय करत होतं ते. चार फुल्या झाल्यावर मी कॅलेंडर समोर घेऊन बसलो. चारही वेळी एकच गोष्ट सारखी होती. बहीण मागच्या कॉम्प्युटरवर लिहीत होती.

मी काय करत होतो ते मी लिहिलं नव्हतं. मी माझं काम करत होतो.

माणूस ओळखायची माझी एक पद्धत आहे, आणि तिने मला क्वचितच फसवलं आहे. समोरचा काय बोलतो ते सोडून द्यायचं आणि फायदा कोणाचा होतो ते बघायचं. फाइल तुटली की फायदा कोणाचा? फाइल तुटली की पुन्हा सगळे विचारायचे, ताई कुठी हाये. हा हिशेब मी मनात एकदा मांडला आणि मग तो मोडेना. मी तिला काही बोललो नाही. पण ती टाइप करत असली की मी उगाच मागे चक्कर मारायला लागलो. तिच्या ते लक्षात आलं असणार. ती एकदा एवढंच म्हणाली, "काही पाहिजे का दादा?"

"नाई," मी म्हणालो.

नवव्या वेळी समोर हिंगणघाटकडचा एक मेकॅनिक होता. हा माणूस मोटारसायकलवर गावोगाव फिरून ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि जिथे जाईल तिथे बसून बोलतो. त्याला एक गिअरबॉक्स हवा होता आणि भाव अडला होता. मी उठलो, मेन पाडला आणि आकड्याला हात घातला. पंखा मंदावत होता. मेकॅनिकची मान गिअरबॉक्सकडे वळली होती, तो बोलणारच होता. तेवढ्यात मागच्या अंधारातून बहिणीचा आवाज आला.

"दादा, आधी लाईट लाव, मंग भाव कर! मले नंबर दिसून नाई राह्यला."

मेकॅनिक खो खो हसला. "लावा भाऊ लाईट. ताईपुढं कोणाचं चालते?"

मी लाईट लावली. गिअरबॉक्स त्याने सांगितलेल्या भावात गेला. पोतं गुंडाळायला घेतलं आणि कोणीतरी मधेच ते उलगडून दाखवलं, असं ते होतं. आणि दहा मिनिटांत ती पुढे आली. चेहऱ्यावर काही नव्हतं. "तुटली," म्हणाली.

या वेळी दुरुस्तीच्या बटणानेही ती उघडली नाही, म्हणून मी रोज पेनड्राइव्हवर काढून ठेवायचो त्यातली कालची प्रत लावली. तीही उघडेना. परवाची उघडेना. उघडली ती थेट तीन आठवड्यांपूर्वीची. तीन आठवड्यांपासून आम्ही आतून बिघडलेल्या फाइलच्याच प्रती काढून ठेवत होतो. चार ट्रॅक्टर खोलून झाले होते त्या काळात. ते सगळे पार्ट मांडणीवर होते आणि कशाचाच पत्ता नव्हता.

मी मेकॅनिकसमोर तिला म्हणालो, "तूच तोडतं फाइल. तुले हा कॉम्प्युटर नकोच होता. तुह्याशिवाय दुकान चालू नाई पाह्यजे, हेच पाह्यजे तुले." अजूनही बोललो. बारा वर्षं खाऊ घातल्याचं बोललो. ते इथे लिहीत नाही.

ती भांडली नाही. मी भांडणारा माणूस आहे. माझ्याशी भांडलेल्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी चहा पाजलेला आहे, हे वर्ध्याच्या अर्ध्या बाजाराला माहीत आहे, आणि तिला तर लहानपणापासून माहीत आहे. तिने मागे जाऊन कीबोर्डजवळचा चष्मा घेतला, खिळ्यावरची डब्याची पिशवी घेतली. जाताना मेकॅनिकला म्हणाली, "तुमच्या गिअरबॉक्सचं मागचं सील बदलून घेजा. कडक झालं हाये ते." दुसऱ्या दिवशी ती अल्लीपूरला मावशीकडे निघून गेली.

याचा राग मला आजही आहे. एक शब्द बोलली असती तर मी दुसरा बोललो असतो, आणि बोलता बोलता कुठेतरी थांबलो असतो. ती मला थांबायला जागा न ठेवता गेली.

त्यानंतर दोन महिने फाइल तुटली नाही.

मी हे सगळ्यांना सांगितलं. बायकोला, सरांना, गिऱ्हाइकांना. सर म्हणाले, "थोडं थांबा भाऊ. अजून सांगता येत नाही." मी म्हणालो, नऊ वेळा तुटणारी फाइल माणूस गेल्यावर एकदाही तुटत नाही, आता आणखी काय पाह्यजे? माझी बाजू खरी ठरली होती. त्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, वाईटही वाटलं नाही. घरी तिची खोली बंद होती. जेवताना बायको एक ताट जास्त काढायची आणि परत ठेवायची. मी ते बघायचो आणि जेवायचो.

खरं कारण साधं होतं आणि समोर होतं. मागचा कॉम्प्युटर झाकून ठेवलेला होता. त्यावरून कोणी काही लिहीतच नव्हतं. जुनं शोधायचं काम मी पुढूनच करायचो आणि नवा माल नोंदीविना दारापाशी साचत होता.

तो इतका साचला की चालायला वाट राहिली नाही, तेव्हा एका दुपारी मी बायकोला काउंटरवर बसवलं आणि स्वतः मागे जाऊन बसलो. दोन बोटांनी टाइप करत होतो. एका तासात अकरा पार्ट झाले. बाराव्याचा नंबर गंजलेला होता. तो पार्ट मी उजेडाकडे वळवला, फडक्याने पुसला, पहिले तीन आकडे लिहिले आणि लाईट गेली.

पुढून बायकोचा आवाज आला. "चाला, दुकान बंद. नाई परवडत आमाले."

तिने वीस वर्षं मला बघितलं होतं. शब्द माझेच होते, मधला थांबाही माझाच होता. मागे काहीच दिसत नव्हतं. हातात पार्ट होता आणि नंबर दिसत नव्हता. मी ओरडलो, "अवो, आधी लाईट लाव!"

हे शब्द तोंडातून निघाले आणि मी तसाच बसून राहिलो. लाईट आली. पडद्यावर एक चौकोन आला होता. फाइल ओळखता येत नाही.

पुढे बायको कोणाला तरी विचारत होती, "मंग बांधून देऊ का?" तिचा सौदा जमला होता.

मी सरांना फोन केला. ते तासाभरात आले. मी त्यांना काही समजावलं नाही. "मी मागं लिहितो, तुमी मेन पाडा," एवढंच म्हणालो. त्यांनी आधी फाइलची वेगळी नक्कल केली, मग मेन पाडला. काही झालं नाही. पुन्हा पाडला, काही नाही. मला वाटलं, चला, लाईट नव्हे ती. तिसऱ्यांदा माझी ओळ अर्धीच लिहून झालेली असताना त्यांनी खटका ओढला आणि चौकोन आला.

सर शिडी घेऊन माळ्यावर चढले. वरून त्यांनी विचारलं, "भाऊ, ही डबी कोणत्या प्लगवर आहे?"

डबी पुढच्या बोर्डावर होती. वायरमनने सोयीचं म्हणून पंख्याच्या लाइनीतूनच वर प्लग काढला होता. दोन्ही कॉम्प्युटरना बॅटरी होती. दोघांना जोडणाऱ्या डबीला नव्हती. मी मेन पाडला की कॉम्प्युटर चालू राहायचे, फक्त त्यांच्यातलं बोलणं तुटायचं. मागून एखादी ओळ अर्धी आलेली असली तर ती अर्धीच फाइलमध्ये राहायची. ओळ येत नसली तर काहीच व्हायचं नाही. म्हणून कधी तुटायची, कधी नाही.

"तुम्ही मेन वारंवार का पाडता पण?" सरांनी विचारलं. इतक्या वेळा ते आले होते, पण त्यांच्यासमोर मी कधी सौदा केला नव्हता.

मी शिडी धरली, ते उतरले. ते गेल्यावर कॅलेंडर काढलं. मोठा सौदा जमला की मी तारखेभोवती गोल करतो, ही पुलगावपासूनची सवय आहे. फुल्या होत्या त्या तारखा बघितल्या. एक सोडून प्रत्येक फुलीभोवती गोल होता. गोल नव्हता तो दिवस गिअरबॉक्सचा होता.

मी कॅलेंडर परत खिळ्याला लावलं. बायकोने विचारलं, काय झालं. म्हटलं, सापडलं. ती म्हणाली, "मंग?" मी म्हणालो, "चहा कर."

तिसऱ्या दिवशी अल्लीपूरला गेलो. बहीण तिथल्या एका कृषी केंद्रात कामाला लागली होती. ती बियाण्याच्या पिशव्या रचत होती. मालक जेवायला गेलेला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. डबी, प्लग, मेन. तिने हातातली पिशवी खाली ठेवली नाही.

"म्हंजे लाईटानं होत होतं," ती म्हणाली.

"हाव."

"मी नाई."

"नाई."

"बरं." तिने पिशवी रचली आणि दुसरी उचलली.

"तुले माहीत होतं का? त्या दिवशी तू म्हटलं, आधी लाईट लाव म्हणून."

"मले कायचं माहीत? पिनियनवरचा नंबर दिसत नव्हता म्हणून म्हटलं."

"मंग भांडली काऊन नाई? मी एवढं बोललो."

"तुह्यासंग भांडून कोण जिंकलं आजलोक?"

"चाल घरी. गाडी आणली मी."

ती काउंटरकडे गेली. तिथे एक कॉम्प्युटर होता आणि त्याच्यापासून हातभर लांब एक स्टूल, स्टुलावर एक लांबडी वही. तिने वहीवर हात ठेवला. "हे पाह्य. यायच्याइथं कॉम्प्युटर हाये. पण मले वहीत लिहाले सांगते. मी आली त्याच्या चौथ्या दिवशी तुहा मेकॅनिक इथं बसून सांगून गेला, का ह्या ताईनं भावाचं कॉम्प्युटर बुडवलं. मालक चांगला हाये, कामावरून काढलं नाई त्यानं. फक्त म्हणते, ताई, त्याले हात नोका लावू."

मी म्हणालो, "मी सांगतो तुह्या मालकाले. आत्ताच सांगतो, येऊ दे त्याले."

"त्याले सांगून काय होते? भाऊ बहिणीची बाजू घेऊन राह्यला म्हणन. ज्याच्यासमोर म्हटलं त्याले सांग. तो फिरते गावोगाव."

"बायकोले सांगितलं. सरले माहीत हाये. मावशीले सांगतो."

"दादा," ती म्हणाली, "सौदा नोको करू."

मी गाडी घेऊन परत आलो.

मेकॅनिकला सांगणं म्हणजे काय, ते मला नीट कळत होतं. फाइल का तुटली हे सांगायचं तर मेन कोण पाडत होतं आणि कशासाठी, ते सांगावं लागणार. दुकान बंद करायचं नसतानाच मी ते बंद करत होतो, हे ज्या दिवशी त्याला कळेल त्याच्या आठ दिवसांत ते हिंगणघाटपासून पुलगावपर्यंत कळेल. मग खटका पाडण्यात काही अर्थ उरणार नाही. माझ्याकडे तेवढी एकच विद्या होती. शाळा मी सातवीत सोडली. बापाने जमीन ठेवली नाही. जे आहे ते त्या पोत्याच्या घड्यांतून आलेलं आहे.

त्यानंतर मेकॅनिक दुकानात दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मी सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी त्याने स्वतःहून विचारलं, "ताईचं काय मंग? फाइल तुटते का आता?" मी म्हणालो, "नाई तुटत." हे खोटं नव्हतं. सरांनी डबीचा प्लग बॅटरीवर घेतला होता.

तिसऱ्यांदा तो क्लच प्लेट घ्यायला आला. दुकानात आणखी दोघं होते, एक देवळीकडचा शेतकरी आणि त्याचा मेहुणा. मेकॅनिक भावावर अडला. मी उठलो. हात बोर्डाकडे गेला आणि तिथेच राहिला. मला त्या क्षणी काही मोठं वाटलं नाही. बहिणीची आठवण आली असंही नाही. स्टुलावरची ती लांबडी वही दिसली आणि पुन्हा हाच माणूस तिथे जाऊन बसेल असं वाटलं.

मी म्हणालो, "बसा. एक सांगतो."

सांगितलं. सुरुवातीपासून सांगितलं. मेकॅनिकने आधी ऐकलं, मग त्याच्या मिशीखाली हसू फुटायला लागलं.

"थांबा भाऊ. म्हंजे तुमी दुकान बंद करतच नव्हते?"

"नाई."

"कधीच नाई?"

"नाई."

"आन मी तीन डाव लाईट गेली म्हणून भाव वाढवून देला! जावयाले सांगत होतो, या माणसाचं डोकं गरम हाये, जपून बोलजो." तो देवळीवाल्याकडे वळला. "तुमच्यासमोर गेलती का कधी लाईट?"

"मागच्या साली," देवळीवाला म्हणाला. तो हसत नव्हता.

"तुमी ते ताईचं जिथी जिथी सांगितलं," मी मेकॅनिकला म्हणालो, "तिथी तिथी हे सांगा. अल्लीपूरले पह्यले सांगा. ताईनं काही केलं नव्हतं. मी केलं."

"सांगीन. पण मंग तुमचं काय?"

"माह्यं काय ते मी पाहीन. क्लच प्लेट घेता का?"

त्याने घेतली, त्याच्या भावात.

पुढे मला वाटलं होतं तसंच झालं. एका दुपारी बायकोने सवयीने खटका पाडला, तर समोरच्या गिऱ्हाइकाने खिशातून मोबाइल काढला, टॉर्च लावली आणि आरामात बेअरिंगचे छरे तपासायला लागला. "होऊ द्या तुमचं, वहिनी," म्हणाला, "मले घाई नाई." आता मेन पाडला तर फाइलला काही होत नाही आणि गिऱ्हाइकालाही काही होत नाही. मी आता भाव एकदाच सांगतो. काही लोक घेतात, काही जातात. गेलेल्यांना मी हाक मारत नाही.

मेकॅनिक अल्लीपूरला गेला की नाही, हे मला बरेच दिवस कळलं नाही. मग एका दुपारी अडीचच्या सुमारास बहिणीचा फोन आला. कशी आहेस, कसा आहेस, असं काही नाही.

"चार ट्रॅक्टरचा माल लिहायचा राह्यला नं तुहा?"

"हाव. कायचा कोणता ते समजून नाई राह्यलं."

"मालक जेवाले जाते आता. अर्धा तास हाये मले. कॉम्प्युटरपाशीच बसली हावो." मग म्हणाली, "इथल्या."

मी उठून टॉर्च घेतली.

"माळ्याखालच्या कोपऱ्यात पाह्य. तिथी एक लाल डाग असलेला स्टीअरिंग बॉक्स हाये. तो मांडणीत नाई ठेवला मी, जड होता. तिथून सुरू कर."

मी फोन कानाला लावून माळ्याखाली गेलो. होता. लाल डागही होता. ती अल्लीपूरहून सांगत गेली आणि मी मागच्या कॉम्प्युटरवर लिहीत गेलो. अर्ध्या तासात सतरा झाले. माझ्या दोन बोटांवर ती वैतागली. "एका ओळीले एवढा वेळ? म्हातारा झाला का तू?" दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा फोन आला. मग रोजच येऊ लागला. एकदा मी म्हणालो, परत ये. ती म्हणाली, नाई येत, आणि पुढचा नंबर सांगितला. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. चार ट्रॅक्टरांपैकी अडीच झाले आहेत.

काल फोन आला तेव्हा पुढे बायकोचा कोणाशी तरी भाव चालला होता. आवाज चढले होते. ते तिला फोनमधून ऐकू गेले असणार, कारण ती बोलायची थांबली.

"लाईट हाये नं?" तिने विचारलं.

मी वर बघितलं. "हाये."

"मंग लिही," ती म्हणाली, आणि पुढचा नंबर सांगायला लागली.